पेट्या कुठं पडल्या? : पालेंबांगचे पाच दिवस

आबांनी आयुष्यात बऱ्याच उड्या मारल्या, पण खऱ्या लढाईतली एकच. ११ डिसेंबर १९७१, टांगाईल. त्यांची पलटण २ पॅरा, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. मैमनसिंगहून ढाक्याकडे मागे सरकणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट पुंगली पुलावर अडवायची होती. दुपार कलताना सगळे भाताच्या खाचरांत आणि तळ्यांच्या काठी उतरले. आबा हवालदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पॅराशूट हा शब्द कानावर पडला की ते अजून सावरून बसतात.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. जमीन मोजणं हा माझा धंदा. दोन वर्षांपूर्वी युद्धाच्या जुन्या नकाशांत मला दक्षिण सुमात्रातल्या पालेंबांगचा नकाशा सापडला. १४ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी सैन्याच्या छत्रीधारी सैनिकांनी तिथल्या डच वसाहतीच्या विमानतळावर आणि तेलशुद्धीकरण कारखान्यावर उडी घेतली होती. आबांना नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला आणि एकच प्रश्न विचारला, "पेट्या कुठं पडल्या?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वेळी शिपाई आपलं हत्यार अंगावर घेऊनच उडी मारायचा. जड सामान तेवढं वेगळं टाकायचे. जपानी पोरांकडे मात्र उडीच्या वेळी पिस्तूल आणि हातबॉम्बच होते. रायफली, मशिनगनी, दारूगोळा हे सगळं वेगळ्या छत्र्या लावून पेट्यांतून खाली सोडलं होतं. म्हणजे माणूस एकीकडे आणि त्याची बंदूक दुसरीकडे. "पेटी सापडेपर्यंत तो शिपाई न्हाई, नुसता माणूस," आबा म्हणाले.

त्या प्रश्नाचं उत्तर आणायला मी यंदाच्या फेब्रुवारीत पालेंबांगला गेले.

पहिला दिवस, १२ फेब्रुवारी

मुंबईहून जकार्ता, तिथून तासाभराचं उड्डाण. विमान खाली येऊ लागलं तसा मी खिडकीला नाक लावून बसले. आधी सगळं पाणीच. मुसी नदी, तिचे फाटे, मधली हिरवी काळपट दलदल, कुठे पाम तेलाच्या झाडांच्या आखीव रांगा. मुसी हे नाव आपल्याला हैदराबादमुळे ओळखीचं, पण ही मुसी कितीतरी रुंद, आणि समुद्रातून येणारी जहाजं तिच्यातून थेट शहरापर्यंत पोचतात. मग एकदम जमीन उंचावली, लाल माती दिसली आणि चाकं टेकली.

ज्या धावपट्टीसाठी ती लढाई झाली, तिच्याच जागी मी उतरले होते. आजचं नाव सुलतान महमूद बदरुद्दीन दुसरा आंतरराष्ट्रीय विमानतळ. १९४२ साली ब्रिटिश वैमानिक त्याला पी-१ म्हणत, डच कागदांत पांगकालान बेंतेंग असं येतं, आणि गावकऱ्यांसाठी तो आजही तालांग बेतुतु. सामानाच्या पट्ट्यापाशी माणसं पेंपेकचे, म्हणजे इथल्या माशाच्या खाऊचे, खोके उचलत होती. मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले. माझ्या पायाखाली काय झालं होतं ते सांगणारी पाटी मला कुठे दिसली नाही.

विमानतळावरून शहरात जायला एलआरटी, म्हणजे छोटी मेट्रो, आहे, २०१८च्या आशियाई खेळांच्या वेळी सुरू झालेली. उंच खांबांवरून ती शहरभर फिरते आणि मुसी ओलांडून पलीकडे जाते. मी आंपेरा स्थानकावर उतरले. खोलीत पिशवी टाकली आणि झोपून गेले.

दुसरा दिवस, १३ फेब्रुवारी

आज फक्त शहर. सकाळी पेंपेक खाल्लं. मासा आणि साबुदाण्यासारख्या सागोच्या पिठाची कणीक मळतात, उकडतात, मग तळतात. सोबत चुको नावाचं काळं पातळ कालवण, गूळ, लसूण, मिरची आणि आंबटाचं. पहिल्या घोटाला मला आपल्या चिंचगुळाच्या आमटीची आठवण झाली, दुसऱ्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. पेंपेकचा सगळ्यांत मोठा प्रकार 'कापाल सेलाम', म्हणजे पाणबुडी, आत अख्खं अंडं भरलेला. दुकानातल्या इबूंनी (इथे बाईला आदराने इबू म्हणतात) मला तो हाताने फोडून दाखवला. पिवळं बलक बाहेर आलं तसं त्या मनापासून हसल्या.

नंतर आंपेरा पुलावर चालत गेले. लांबी एक किलोमीटरहून जास्त, दोन लाल मनोरे, पूर्वी मधला भाग वर उचलला जायचा म्हणजे खालून जहाजं जात. हा पूल १९६५ साली पुरा झाला, आणि जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशांतून बांधला गेला. १९५८च्या करारात जपानने इंडोनेशियाला जी भरपाई कबूल केली, त्यातलाच हा वाटा. आंपेरा हे नाव 'अमानत पेंदेरिताआन राक्यात' या शब्दांतून आलंय. जनतेने सोसलेल्या यातनांनी सोपवलेली जबाबदारी, असा त्याचा काहीसा अर्थ. विमानतळावर जी पाटी मी शोधत होते ती कदाचित हीच, असं मला पुलाच्या मध्यावर वाटलं. शाळकरी पोरं कठड्याला टेकून मासेमारी बघत होती.

दुपारी तालांग सेमुत भागात गेले. डचांनी वसवलेली बंगल्यांची वसाहत, मध्ये कांबांग इवाक नावाचं तळं. तिथल्या चहावाल्या पाकना (पुरुषाला आदराने पाक म्हणतात) मी 'तालांग' म्हणजे काय ते विचारलं, कारण हा शब्द गावोगावच्या नावांत दिसत होता. त्यांनी हात छातीपर्यंत उंच केला आणि म्हणाले तालांग, मग गुडघ्याखाली नेऊन म्हणाले लेबाक. उंच कोरडी जमीन ती तालांग, पावसाळ्यात बुडणारी सखल ती लेबाक. आपल्याकडे माळ आणि पाणथळ म्हणावं तसं. मोजणीवालीला याहून मोठी भेट काय मिळणार! मी लगेच नकाशा उलगडला. विमानतळ तालांगवर. तेलाचा कारखाना नदीकाठी, लेबाकला लागून. एकाच सकाळी दोन तुकड्या दोन अगदी वेगळ्या जमिनींवर उतरल्या होत्या.

तिसरा दिवस, १४ फेब्रुवारी

तारीख मुद्दाम साधली होती. सकाळी सातला गाडी केली. चालक पाक साठीचे, बोलके, पण इंग्रजी माझ्या इंडोनेशियनइतकंच, म्हणजे जेमतेम. इथे विमानतळाच्या रस्त्यावरच्या वस्त्यांना किलोमीटरचीच नावं आहेत. 'किलो लिमा' म्हणजे पाचवा किलोमीटर, 'किलो दुआ बलास' म्हणजे बारावा. बसवालेही तेच ओरडतात. मी वहीत प्रत्येक किलोमीटरला चढ-उतार लिहीत गेले. आकडे लहान, पण दिशा स्पष्ट. शहरापासून तालांग बेतुतुकडे जमीन हळूहळू वर जाते आणि कोरडी होत जाते.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. जपानला तेल हवं होतं. अमेरिकेने ऑगस्ट १९४१ मध्ये त्याचं तेल तोडलं होतं आणि पालेंबांगचे दोन कारखाने, प्लाजू आणि सुंगाई गेरोंग, हे डच ईस्ट इंडीजमधले सगळ्यांत मोलाचे. समुद्रातून नदीने वर येणाऱ्या फौजेला शहर गाठायला वेळ लागणार आणि तेवढ्यात डच कारखाने उडवून देणार, हे जपानी जाणून होते. म्हणून आकाशातून उतरायचं ठरलं. या कामासाठी आधी छत्रीधारी सैनिकांची पहिली रेजिमेंट निघाली होती. जानेवारीत तिला नेणारी मेइको मारू बोट वाटेत आग लागून बुडाली. माणसं वाचली, सामान गेलं. मग कर्नल सेइची कुमे यांच्या हाताखाली दुसऱ्या रेजिमेंटला पाठवलं. मलायातल्या काहांग आणि क्लुआंगच्या तळांवरून विमानं उडाली. विमानतळाभोवती सुमारे १८० जण, प्लाजूच्या पश्चिमेला सुमारे ९०.

पी-१ची हरिकेन लढाऊ विमानं त्या वेळी बांका सामुद्रधुनीतून येणाऱ्या जपानी ताफ्यावर हल्ला करणाऱ्या विमानांना सोबत द्यायला गेली होती. आकाश मोकळं. त्यात जपानी वाहतूक विमानांतली काही लॉकहीडच्या आराखड्यावर जपानमध्येच बनवलेली होती, दिसायला ब्रिटिशांच्या हडसन विमानांसारखी. खालच्या विमानविरोधी तोफांवरच्या पोरांना पहिली काही मिनिटं ती आपलीच वाटली. मग त्यांच्या पोटाखालून पांढऱ्या छत्र्या उमलू लागल्या.

विमानतळाच्या कुंपणालगत जाऊन मी गाडी थांबवली. हवाई दलाचा तळही इथेच असल्याने फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. मी फक्त चालले. रबराची झाडं, केळी, मध्येच गवताचे माळ आणि खाली लाल माती. अगदी रत्नागिरीच्या सड्यावर पाऊस पडून गेल्यावर असते तशी, वरून चिकट, आत घट्ट. टाच मारली तर अर्धा इंच जाते. आबांनी सांगून ठेवलं होतं, "टाच मारून बघ. तिथं पडल्यावर गुडघा वाचतो का मोडतो ते टाच सांगते." इथे उतरणाऱ्याचे गुडघे वाचले असणार. पण झाडी आजही इतकी आहे की वीस पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही. इथे पेटी जमिनीत रुतत नाही, ती हरवते. पानांमागे, झुडपात, फांदीला छत्री अडकून वरच लटकलेली.

म्हणूनच इथली लढाई तुकड्यातुकड्यांत झाली. कुठे पाच जण, कुठे दहा, हातात पिस्तूल आणि बॉम्ब. काहींना पेट्या मिळाल्या, बऱ्याच जणांना नाही. तरी त्यांनी एक नेमकं काम केलं. विमानतळ आणि शहर यांच्यामधला रस्ता अडवला. समोर विमानतळ राखणारे कोण, तर विंग कमांडर हॅरोल्ड मॅग्वायर यांच्या हाताखाली जमलेले रॉयल एअर फोर्सचे कारागीर आणि कारकून, तोफखान्यातले गनर आणि थोडे डच पायदळ. ज्यांनी रायफल फक्त कवायतीत धरली होती अशी माणसं त्यांत बरीच. या लोकांनी संध्याकाळपर्यंत धावपट्टी सोडली नाही. दारूगोळा आणि पाणी संपत आलं तेव्हाच ती गेली. दोन्ही बाजूंची ही पोरं विशीतली. त्यांच्यातली जी इथे पडली, ती कुठल्या झुडपामागे पडली हे कोणाला ठाऊक? मी पिशवीतून दोन बिस्किटं काढून एका रबराच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवली. माझ्याकडे तेवढंच होतं.

पाक शांतपणे बघत उभे होते. मग त्यांनी खिशातून पाण्याची बाटली काढून बिस्किटांशेजारी थोडं पाणी शिंपडलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

चौथा दिवस, १५ फेब्रुवारी

आज नदी. आंपेराखालच्या धक्क्यावरून 'केतेक' ठरवली. केतेक म्हणजे इंजिनाची लाकडी होडी, इंजिन जो आवाज करतं तेच तिचं नाव. होडी चालवणारा पोरगा वीसेक वर्षांचा, प्लाजू म्हटल्यावर त्याने ओठ मुडपले, म्हणजे तिथे बघण्यासारखं काय आहे! मी म्हटलं, आहे.

फेब्रुवारीत मुसी फुगलेली असते. पाणी चहासारखं, वर जलपर्णीचे गठ्ठे वाहात जातात. अर्ध्या तासात डाव्या हाताला केमारो बेटाचा पॅगोडा दिसू लागला, आणि उजव्या हाताला टाक्या. प्लाजू. चांदीच्या रंगाच्या गोल टाक्यांच्या रांगा, धुराडी, एका उंच नळीच्या टोकाला भर दिवसा जळणारी ज्योत. शेल कंपनीच्या डच शाखेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सुरू केलेला कारखाना आज पर्तामिना या इंडोनेशियाच्या सरकारी तेल कंपनीचा आहे आणि चालू आहे. त्याच्या पुढे कोमेरिंग नदी मुसीला मिळते आणि पलीकडे सुंगाई गेरोंग. आत जायला परवानगी नाही, आणि मी मागितलीही नाही. पाण्यावरून जे दिसतं ते पुरेसं होतं.

इथे उतरलेल्या नव्वदेक जणांनी कारखाना बऱ्याच अंशी शाबूत ताब्यात घेतला. मग डच राखीव सैनिक आणि प्राबुमुलीहहून आलेले तोफखान्याचे लोक उलटून आले, मोठी किंमत मोजून त्यांनी तो परत घेतला, साठ्यांना आग लावली, पण मूळ यंत्रं फारशी मोडता आली नाहीत. सुंगाई गेरोंग मात्र डचांनी उडवला. दोन कारखाने, मध्ये एक नदी, आणि दोघांचं नशीब वेगळं. बोट मध्यावर थांबवून मी दोन्हीकडे पाहिलं, तेव्हा ते समजलं. कोमेरिंग रुंद आहे. छत्रीने प्लाजूजवळ उतरलेल्या, हातात पिस्तूल असलेल्या माणसाला त्या दिवशी ही नदी ओलांडता येणं शक्य नव्हतं.

आता पेट्यांकडे. कारखान्याच्या वरच्या बाजूला, पश्चिमेला, खांबांवर उभी घरं आहेत आणि त्यांच्यामागे लेबाक. मी पोराला तिकडे होडी लावायला सांगितली. घरांमधून फळ्यांची वाट जाते. फळ्या संपल्या तिथे मी एक पाऊल पुढे टाकलं, बघू तर खरं, म्हणून. उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत गेला.

काळा चिखल, थंड, आणि कुजलेल्या पानांचा वास. पाय वर ओढला तर बूट आत राहतो, बोटं वाकवून बूट धरला तर पाय हलत नाही. शेवटी एका इबूने घरातून बांबू आणून दिला. बांबूवर भार टाकून, डावा पाय फळीवर रेटून, बूट सोडवायला मला चार मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं, सवयच आहे. माझ्या अंगावर काही ओझं नव्हतं. पाठीवर पॅराशूटचा पट्टा नव्हता, कोणी गोळी मारत नव्हतं. आणि पन्नास किलोची पेटी इथे वरून आदळली असती, तर तिचं वरचं टोकसुद्धा दिसलं असतं का?

इबूंनी माझे पाय हंड्यातल्या पाण्याने धुतले. मी नको नको म्हणत राहिले, पण त्यांनी ऐकलं नाही. बूट मात्र मी धुऊ दिले नाहीत.

परत येताना एक गोष्ट मनातून जाईना. ज्या तेलासाठी ही पोरं चिखलात उतरली, त्याच्यावर पुढची तीन वर्षं दुसऱ्यांच्या पोरांनी जीव टाकला. ऑगस्ट १९४४ मध्ये सिलोनच्या चायना बे तळावरून अमेरिकन बी-२९ विमानं हजारो किलोमीटर उडून इथे आली. जानेवारी १९४५ मध्ये त्रिंकोमालीहून निघालेल्या ब्रिटिश विमानवाहू जहाजांनी २४ तारखेला प्लाजूवर आणि २९ला सुंगाई गेरोंगवर हल्ला केला. त्या हल्ल्यांत पकडलेल्या वैमानिक दलातल्या नऊ तरुणांना जपान्यांनी सिंगापूरला नेलं आणि मारून टाकलं. युद्धकैदी होते ते. त्यांना वाचवायला हवं होतं. याबद्दल मला दुसरं काही म्हणता येत नाही.

पाचवा दिवस, १६ फेब्रुवारी

सकाळी कर्तापाती स्थानकावरून प्राबुमुलीहला जाणारी गाडी पकडली. शेजारच्या रुळांवरून कोळशाच्या मालगाड्या, डबे मोजता मोजता मी साठावर सोडून दिलं. प्राबुमुलीहच्या वाटेवर जंगलात दोस्त राष्ट्रांचा दुसरा विमानतळ होता, पी-२. जपान्यांना त्याचा पत्ता लागला नव्हता. १४ला हवेत असलेली हरिकेनं तिकडे वळवली गेली, आणि १५ला तिथूनच उडून त्यांनी आणि ब्लेनहाइम बॉम्बफेकी विमानांनी मुसीतून वर येणाऱ्या जपानी होड्यांची दाणादाण उडवली. पण त्याच दिवशी सिंगापूर पडलं, आणि पी-२ सोडून जायचा हुकूम आला.

खिडकीतून बघायला रबर, पाम आणि अननसाचे मळे, बाकी काही नाही. प्राबुमुलीह अननसाचं गाव. स्थानकाबाहेर मी एक अननस चिरून घेतला. तिखट-मीठ लावून देतात, आपल्यासारखंच. दुपारच्या गाडीने परतले.

संध्याकाळी आबांना व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन धरला, आबा खुर्चीत.

"सापडल्या का पेट्या?"

मी सांगितलं, विमानतळाकडे झाडीत हरवल्या असणार, कारखान्याकडे चिखलात. टांगाईलला तुमचं सामान गावकऱ्यांनी धावत येऊन डोक्यावर वाहिलं होतं, तसं इथे या पोरांसाठी कोण येणार होतं?

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बूट धुतलेस का?"

"नाही."

"दाखव."

मी कॅमेरा खाली नेला. बुटाच्या टाचेवर तालांगची लाल माती वाळून तडकली होती. वर, लेसच्या भोकांपर्यंत, लेबाकचा काळा थर. आबा स्क्रीनच्या इतके जवळ आले की फक्त चष्मा दिसत होता.

"लाल भागात उतरलेले लढले असतील," ते म्हणाले. "काळ्यात उतरलेल्या पोरांचं लई वाईट झालं असंल गं."

आणि मग आईला म्हणाले, फोन ठेव, डोळे दुखतायत.